नोंद नसलेली लाठी

परभणीत कराटे-वुशूचा वर्ग चालवायचा तर तीन गोष्टी लागतात. चौकात लावायला फ्लेक्स, पोरांचे गुडघे फुटू नयेत म्हणून मॅट, आणि बोधिधर्माची गोष्ट. पहिल्या दोन विकत आणाव्या लागतात. तिसरी फुकट मिळते आणि तीच सगळ्यात जास्त चालते. कांचीपुरमचा एक राजपुत्र भिक्षू होऊन चीनला गेला, शाओलिन मठाजवळच्या गुहेत नऊ वर्षं भिंतीकडे तोंड करून बसला, ध्यानाला बसून बसून अंग आखडलेल्या भिक्षूंना त्याने व्यायाम शिकवला आणि त्यातून कुंग-फू जन्माला आलं, अशी ती गोष्ट. २०११ मध्ये बोधिधर्मावरचा ‘एळाम अरिवू’ हा तमिळ सिनेमा आला, त्याची हिंदी आवृत्ती टीव्हीवर लागू लागली, तेव्हापासून तर लेकरं ही गोष्ट पाठ करूनच वर्गात येतात.

मी एका अनुदानित शाळेत क्रीडाशिक्षक आहे. दिवसा शाळेचं मैदान, संध्याकाळी वर्ग. सुरुवात कराटेने झाली. पुढे शालेय स्पर्धांत वुशू आलं तसं तेही शिकून शिकवू लागलो. पालकांचा प्रश्न ठरलेला असतो. “गुर्जी, याचं सर्टिफिकेट भरतीला चालतंय का?” शासकीय नोकरीत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे, दहावीला क्रीडागुण आहेत, कापूस-सोयाबीनच्या भावावर ज्याचं घर चालतं त्या बापाने हे विचारणं रास्तच आहे. लेकरांचा प्रश्न मात्र वेगळा असतो. “सर, हे आपल्याकडूनच गेलंय ना तिकडं?” या प्रश्नाला नुसती मान डोलावून पुढं जाता येतं. पण पदव्युत्तर अभ्यासक्रमाला प्रबंधिका लिहायची वेळ आली, तेव्हा मी हाच प्रश्न हाती घेतला. मी पोरांच्या उड्या आणि नाडीचे ठोके मोजीन असं मार्गदर्शकांना वाटलं होतं. त्यांनी विषय पाहिला, चष्मा काढला आणि म्हणाले, “इतिहासात शिरतोयस, सांभाळून.”

वाचत गेलो तसं एक लक्षात आलं. ही गोष्ट तपासून पाहणारे पहिले लोक चिनीच होते. १९२८ मध्ये नानजिंगला सरकारी पाठबळाने मध्यवर्ती गुओशू (राष्ट्रीय युद्धकला) संस्था उभी राहिली. देशभरचे लढवय्ये गुरू तिथे गोळा झाले. त्याच वर्षी सरदारांच्या आपसातल्या लढाईत शाओलिन मठ जाळला गेला, हाही एक योगायोग. या संस्थेत तांग हाओ नावाचे गृहस्थ होते. पेशाने वकील, कायद्याचं शिक्षण जपानमध्ये घेतलेलं, स्वतः कसरत करणारे. वकिलाच्या डोक्याने त्यांनी शाओलिन आणि वूदांग या दोन्ही परंपरांचे दाखले उलटतपासणीला घेतले आणि १९३० मध्ये पुस्तक लिहिलं. निष्कर्ष सरळ होता: मुष्टियुद्ध बोधिधर्माने आणलं नाही, आणि ताईजी ही विद्या चांग सानफंग या सिद्धपुरुषाने निर्माण केली नाही. मोठमोठे गुरू त्यांच्यावर चिडले. पण पुस्तक छापलं होतं खुद्द त्या संस्थेनेच. जी संस्था कलेचा गौरव करायला काढली, तिनेच कलेची वंशावळ खोटी ठरवणारं पुस्तक छापावं, हे धाडस मला आजही मोठं वाटतं.

बोधिधर्माच्या दाव्याचा सगळा भार ‘यीजिन जिंग’ या स्नायुव्यायामाच्या पोथीवर आहे. या पोथीला दोन प्रस्तावना आहेत. एक सातव्या शतकातल्या ली जिंग या सेनापतीच्या नावावर, साल ६२८. दुसरी बाराव्या शतकातल्या न्यू गाओ या सरदाराच्या नावावर, साल ११४२. पहिलीत पोथी ज्याच्या हातून आली म्हणून सांगितलं आहे, तो कुरळ्या दाढीचा वीर मुळात एका जुन्या कथेतलं पात्र आहे. दुसरीत न्यू गाओ स्वतःच म्हणतो की मी शिपाईगडी, मला अक्षरओळख नाही. आणि तरी प्रस्तावना लिहितो! प्रत्यक्षात पोथी १६२४ च्या सुमाराची. म्हणजे बोधिधर्मानंतर हजारहून अधिक वर्षांनी लिहिलेली. अठराव्या शतकातल्या चिनी पंडितांनी तिची थट्टा करून ठेवली होती, तरी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कादंबऱ्यांतून आणि स्वस्त पुस्तकांतून ती गोष्ट घरोघर गेली. तिथून जपान, तिथून सिनेमा, आणि तिथून आमच्या फ्लेक्सवर.

हे सगळं वर्गात सांगितलं तेव्हा पोरांची तोंडं उतरली. एक जण म्हणाला, “मंग सर, आपलं काय गेलं तिकडं? काहीच नाही?”

गेलं, आणि भरपूर गेलं. शाओलिन मठ बांधला गेला तोच मुळी इ.स. ४९५ च्या सुमारास बातुओ नावाच्या भारतीय भिक्षूसाठी. भिक्षूंच्या हातात शस्त्र आलं तेव्हा त्यांनी आधार घेतला तो वज्रपाणीचा. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यात पद्मपाणीबरोबर जो वज्रपाणी आपण सहलीला जाऊन पाहतो, त्याच नावाच्या देवतेकडे चिनी भिक्षू बळ मागत होते. पुढे शाओलिनमध्ये काठीच्या विद्येचा आद्यपुरुष म्हणून ज्याची पूजा सुरू झाली, त्याचं नाव जिन्नालुओ, म्हणजे आपला किन्नर. मठाच्या स्वयंपाकघरात राबणाऱ्या या सेवकाने चुलीतली काठी उचलून बंडखोरांना पळवून लावलं, अशी तिथली कथा. ठोसा आणि लाथ इथून गेल्याचा पुरावा नाही. पण देव, पोथ्या आणि भिक्षू इथून गेले, आणि त्यांच्या छायेत तिथल्या लोकांनी स्वतःची विद्या स्वतः घडवली. एवढं श्रेय आपल्याला पुरे आहे.

महाराष्ट्राचा आणि शाओलिनचा खरा दुवा तर शाळेच्या इतिहासातच आहे, फक्त कुणी जोडून दाखवत नाही. तो म्हणजे चिनी प्रवासी युआन श्वांग. शाओलिनच्या भिक्षूंनी इ.स. ६२१ मध्ये ली शिमिन या राजपुत्राला लढाईत मदत केली. ७२८ च्या शिलालेखात ती नोंद आजही मठात उभी आहे. युआन श्वांग त्याच मुलखातला, लोयांगजवळ जन्मलेला. तो भारतात आला, पुलकेशीच्या राज्यात म्हणजे महाराष्ट्रात फिरला, आणि इथल्या लढवय्यांविषयी लिहून गेला. उपकार विसरत नाहीत, अपमान सोडत नाहीत. सूड घ्यायचा तर आधी शत्रूला कळवतात. पळणाऱ्याच्या पाठी लागतात पण शरण आलेल्याला मारत नाहीत. हरून आलेल्या सेनापतीला शिक्षा करत नाहीत, बायकी कपडे देतात. लढाईआधी निवडक वीर दारू पितात आणि हत्तींनाही पाजतात. ६४५ मध्ये तो परतला तेव्हा ली शिमिन सम्राट झालेला होता. पोथ्यांचा अनुवाद करायला मला शाओलिनमध्ये राहू द्या, अशी विनंती युआन श्वांगने केली आणि सम्राटाने ती नाकारून त्याला राजधानीतच ठेवून घेतलं. मराठी मुलखातली शौर्याची रीत डोळ्यांनी पाहून गेलेला माणूस शाओलिनला राहायला मागत होता! बोधिधर्माच्या गोष्टीपेक्षा मला ही जास्त रंगतदार वाटते, आणि हिला लेखी आधार आहे. वर्गातही आता हीच चालते.

पुस्तकातून मैदानावर येऊ. वुशूचे दोन भाग. ताउलू म्हणजे ठरलेल्या हालचालींची मांडणी, आणि सांडा म्हणजे प्रत्यक्ष झुंज. पोरं तिला नुसतं ‘फाइट’ म्हणतात. स्पर्धेत सांडा खेळतात ते आठ मीटर लांबी-रुंदीच्या आणि ८० सेंटिमीटर उंचीच्या चौथऱ्यावर. आमच्याकडे तो चौथरा नाही. मॅटवर पट्टी चिकटवून हद्द आखतो. एकदा गंगाखेडच्या बाजूचा, घरात तीन पिढ्यांची कुस्ती असलेला एक मुलगा वर्गाला आला. समोरच्याने बरगडीवर लाथ टाकली. याने ती काखेत अशी दाबली की जणू वाटच पाहत होता. मग सवयीने खाली वाकला, दुसऱ्या पायाचा पट काढला आणि त्याला घेऊन मॅटवर आला. आणि आला तो सोडेचना! छातीवर बसून खांदे टेकवायच्या मागे. पंच ‘ब्रेक, ब्रेक’ म्हणून ओरडताहेत आणि हा पाठ लावल्याशिवाय उठायला तयार नाही.

कुस्तीत पकड बसल्यावर काम सुरू होतं. सांडात पकडीला दोनच सेकंद. तेवढ्यात पाड, आणि स्वतः उभा राहा, तर दोन गुण. सोबत तूही पडलास तर ते दोन गुण गेले. समोरच्याचे खांदे टेकले की नाही, याच्याशी कुणाला देणंघेणं नाही. त्या मुलाला लाथ शिकवायला वेळ लागला नाही. पाडल्यावर अंगावर न जाता उभं राहायला शिकवताना मात्र माझा घाम निघाला. त्याचे वडील कडेला बसून बघत होते. म्हणाले, “ही तं आपली कुस्तीच हाय की गुर्जी, लाथा घातलेली.” त्यांचं एका अर्थी खरं होतं. सांडातली पाडापाडी बरीचशी शुआइ-जाओ या चिनी कुस्तीतून आली आहे. पण सांडाचा हा क्रीडाप्रकार चीनमध्ये १९७९ पासून प्रयोग करत करत नियमांत बसवला गेला. ताउलूच्या प्रमाणित मांडण्याही १९५० नंतर सरकारी क्रीडा मंडळाने ठरवलेल्या. जगभर बागांमध्ये चालणारं २४ हालचालींचं ताईजी १९५६ चं आहे. म्हणजे ‘हजारो वर्षांची’ म्हणून जी विद्या आपण शिकतो, तिचा आजचा साचा आपल्या आजोबांहून तरुण आहे. यात कमीपणा काही नाही. नव्या साच्यातूनच इंफाळची संध्याराणी २०१० च्या आशियाई स्पर्धेत रौप्यपदकापर्यंत गेली, आणि मणिपूरचीच रोशिबिना २०२३ मध्ये हांगचौला.

त्या पहिलवान बापाच्या बोलण्याने मला दुसरी एक गोष्ट शिकवली. दोन विद्या दिसायला सारख्या असल्या म्हणजे एकीच्या पोटी दुसरी जन्मली, असं होत नाही. माणसाला पाय दोनच, तोल राखायच्या तऱ्हाही मोजक्याच. नातं सांगायचं तर नोंद दाखवावी लागते.

आणि नोंदीशी गाठ पडली ती गोदाकाठच्या एका खेड्यात. वर्गातल्या एका मुलीच्या वडिलांनी सांगितलं, आमच्या गावात एक म्हातारे उस्ताद आहेत, मोहरमच्या सवारीपुढे लाठी-पट्टा खेळायचे. गेलो. ओट्यावर बसलेला, पातळ दाढीचा, काटक माणूस. चहा झाल्यावर त्यांनी आढ्याला खोचलेली लाठी काढली. तेल पिऊन काळी झालेली, टोकांना पितळी कडी. अंगणातल्या धुळीत तिच्या टोकाने एक रेघ ओढली आणि मला रेघेवर उभं केलं. शिर, तमाचा, बाहेरा, एकेक वार दाखवत गेले. तमाच्याचा वार माझ्या कानशिलापासून अंगठाभर अंतरावर येऊन थांबला. वारा लागला, लाठी लागली नाही. माझ्या पुढच्या गुडघ्याला टोक लावून म्हणाले, “आपका पाँव सोता है मास्टर. जगाओ उसकू.” मी इतकी वर्षं पोरांना शिकवत असलेला पवित्रा त्यांनी एका वाक्यात दुरुस्त केला होता.

मी वही काढली. उस्तादांचे उस्ताद कोण? नाव सांगितलं, ते पोलीस ॲक्शनच्या आधी हैदराबादेत शिकले होते. त्यांचे कोण? त्यांनी कानाच्या पाळीला हात लावला. “मौला अली से आया सब.” शेजारच्याच गावच्या तालमीत हाच प्रश्न विचारला असता तर उत्तर मारुतीचं आलं असतं. मलखांबाची कथा आपण ऐकतोच की. पेशव्यांच्या दरबारी आलेल्या अली आणि गुलाब या पहिलवानांना तोंड द्यायचं म्हणून बाळंभट दादा देवधर सप्तशृंगगडावर गेले आणि मारुतीने त्यांना विद्या दिली. चीनमध्ये १६६९ मध्ये हुआंग झोंगशी या विद्वानाने एका लढवय्याचा मृत्युलेख लिहिला, त्यातही हेच आहे. चांग सानफंगच्या स्वप्नात देव आला, रात्रीतून त्याला मुष्टियुद्ध शिकवून गेला, आणि दुसऱ्या दिवशी त्याने एकट्याने शंभरावर दरोडेखोर लोळवले. विद्या माणसाने रचली, असं सांगायला सगळीकडच्याच शिष्यांची जीभ अडखळते. हा मान आहे आणि तो असावा. आखाड्यात पाऊल टाकताना पोरांनी मारुतीला, उस्तादाला, बोधिधर्माला हात जोडले तर माझी काहीच हरकत नाही. हरकत आहे ती नमस्कारालाच इतिहास म्हणण्याला.

कारण नमस्काराच्या पलीकडे चीनकडे वह्या आहेत. ची जीगुआंग या सेनापतीने १५६० च्या सुमारास लष्करी शिक्षणाचं पुस्तक लिहिलं. त्यात मुष्टियुद्धाच्या निरनिराळ्या घराण्यांतून निवडलेले ३२ पवित्रे आहेत, आणि मोठ्या लढाईत याचा उपयोग नाही, पण हातपाय मोकळे करायला बरं, असं स्वच्छ लिहिलं आहे. सतराव्या शतकाच्या सुरुवातीला चंग झोंगयौ याने शाओलिनमध्ये दहा वर्षांहून जास्त काळ काढून तिथल्या काठीच्या विद्येवर सचित्र पुस्तक तयार केलं. पाय कुठे, हात कुठे, वार कुठून, सगळं. चारशे वर्षांनी आज ती चित्रं पाहून काठी उचलता येते. माझ्या उस्तादांच्या लाठीचं एक पानही कुठे नाही.

आपल्याकडे असं काम झालंच नाही असं मात्र कुणी म्हणू नये. बाराव्या शतकात कल्याणीच्या सोमेश्वर चालुक्याने ‘मानसोल्लासा’त मल्लांचा आहार, सराव आणि झुंजी यांवर अख्खं प्रकरण लिहिलं, आणि कल्याणी मराठवाड्याच्या उशालाच आहे. शांघायला १९१० मध्ये जिंगवू संघटना निघाली आणि आपल्या अमरावतीत १९१४ मध्ये हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ. परक्यांनी दुबळं म्हटलेल्या दोन देशांनी जवळजवळ एकाच वेळी आखाड्यांची दारं सगळ्यांना उघडली. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी अमरावतीचं पथक देशी खेळांची प्रात्यक्षिकं दाखवायला तिथे होतं आणि चीनचं गुओशू पथकही तिथेच होतं. ‘जगात जर्मनी, भारतात परभणी’ म्हणणाऱ्या आमच्या पोरांना हा तपशील भारी आवडतो. चिनी पथकात तीन मुली होत्या, त्यांतली एक फू शूयुन. वर्गातल्या मुलींना मी हे मुद्दाम सांगतो. मागे बसणारी एखादी पुढे सरकते. आणि त्याच १९३६ पासून बडोद्याला दत्तात्रय चिंतामण मुजुमदारांच्या संपादनाखाली मराठीत ‘व्यायाम ज्ञानकोश’ निघू लागला. १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड झाले. या विषयावर एवढं काम मराठीत झालं आहे, हे आज खुद्द क्रीडाशिक्षकांना सांगावं लागतं.

ज्ञानकोशाने विद्या सांगितली. पण कुठल्या गावात कोण उस्ताद होता, तो कुणाकडून शिकला, त्याचा कुठला हात खास होता, हे लिहायचं काम त्या त्या जिल्ह्याचंच आहे. परभणी जिल्ह्यात पाथरीपासून पालमपर्यंत अशी माणसं आहेत. शेजारच्या नांदेडला गतका आहे, गावोगाव कुस्तीची मैदानं आहेत, सवारीपुढचे लाठीवाले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांनी सत्तरी ओलांडली आहे, आणि त्यांच्या नातवंडांना माझ्यासारख्याच्या वर्गात लाथा शिकायच्या आहेत.

म्हणून जिल्ह्यातल्या क्रीडाशिक्षकांना आणि इतिहास शिकवणाऱ्या मित्रांना एक विनंती. आपल्या गावातला एक उस्ताद शोधा. एक वही आणि मोबाइल घ्या. नाव, गाव, गुरू, गुरूचा गुरू, शिकायला किती वर्षं लागली, वारांची आणि डावांची नावं त्यांच्याच बोलीत लिहून घ्या. पायांचं चित्रण वेगळं करा, हातांचं वेगळं. “मौला अली से आया” म्हणाले तर तेही लिहा, पण त्यापुढे ‘उस्तादांचं म्हणणं’ असं लिहा. तारीख टाका. एक प्रत शाळेच्या ग्रंथालयात ठेवा, एक त्यांच्या घरी द्या. उन्हाळ्याच्या सुट्टीत होण्यासारखं हे काम आहे, आणि पुढच्या सुट्टीपर्यंत थांबायला या माणसांपाशी वेळ नाही.